अकरावा फॉर्म

...आणि वर मलाच विचारतात, "पाईकराव, लिहिताना भीती नाही वाटत का हो तुम्हाला?" अरे, कशाची? कुणाची? मी बी.ए. झालेला माणूस! औरंगाबादेत चार वर्षं होस्टेलची पाण्यासारखी आमटी पिऊन, गॅदरिंगमध्ये ‘भूत ही शोषकांची निर्मिती आहे’ या विषयावर पाऊण तास बोललेला माणूस! बक्षीस मिळालंय मला त्यात, दुसरं... पहिलं ‘आमची अजिंठ्याची सहल’वाल्या मुलीला दिलं, ते जाऊ द्या... आणि आज माझी ओळख काय? तर रहस्यसम्राट! भयकथेचा बादशहा! परभणी जिल्ह्याचं भूषण! आठ कादंबऱ्या, आठही भुतांच्या, आणि तुम्हाला सांगतो, ज्यानं त्या लिहिल्या त्याचा आयुष्यात कधी नखाएवढ्या भुतावरही विश्वास बसला नाही! मग लिहिल्या कशाला? विचारा ना. विचारलंच पाहिजे. अहो, त्याचं उत्तर अकराव्या फॉर्मात होतं!

थांबा, असं नाही कळायचं. पहिल्यापासून सांगतो.

साखऱ्याच्या पुढं दोन कोसांवर आमचं गाव. गावाला लागून उकंडराव मालकाची आमराई, आणि आमराईच्या पलीकडं धोंडमाळ. आता निजामाच्या काळात काय होतं, माळाच्या पलीकडं वऱ्हाड, म्हणजे इंग्रजाचा अंमल, आणि अलीकडं आपला निजाम, म्हणून माळावर जकातीचा नाका. कापसाची गाडी घेऊन निघालात की नाक्यावरचा जमादार आडवा यायचा, "ठैरो! रसीद दिखाव!" पुढं निजाम गेला, नाका गेला, जमादार मेला. माळ राहिला. सरकारी माळ! आणि त्यावर नांगर कुणाचा? उकंडराव मालकाचा. गुरं कुणाची? त्याचीच. आणि आमच्या बौद्धवाड्यातल्या सोळा घरांची काय कथा, तर ओढ्याकाठची वस्ती, पाऊस झाला की पाणी थेट चुलीत, भाकरी इकडं अन् चूल तिकडं. म्हणून आम्ही अर्ज केला, की माळावर घरांना जागा द्या. मीच लिहिला, चार पानी, अक्षर बघाल तर मोत्यासारखं. आणि काय सांगू, अर्ज टपालात पडून पंधरा दिवस झाले नाहीत तोच माळावर भूत आलं! त्या जमादाराचं! दिवस मावळायला कुणी तिकडून आलं की म्हणे झुडपातून आवाज... "ठैरो! रसीद दिखाव!" आता तुम्हीच सांगा, पंचवीस वर्षं गप्प पडलेला जमादार आमचा अर्ज निघाल्याबरोबर ड्यूटीवर हजर? सरकारी नोकर, आणि तोही मेलेला, इतका तत्पर?

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, बास! याच्यावर कादंबरीच लिहितो. खरं गाव, खरा माळ, खरी आमराई, काही म्हणजे काही बदलणार नाही. वास्तववाद! सहा महिने बसलो. एक तरुण शिक्षक येतो, गाव भ्यालेलं, शिक्षक एकटा माळावर जातो, आणि शेवटी त्या जमादाराचं मुंडासं धरून ओढतो, तर आत कोण? मालकाचा सालगडी! आणि अफवेमागं खुद्द मालक! मग शिक्षकाचं भाषण, विज्ञान, विवेक, मानवमुक्ती... भाषण जरा मोठं झालं होतं, कबूल करतो, नऊ पानं. नाव ठेवलं ‘मानवमुक्तीची पहाट’. आणि दिली पुण्याला पाठवून.

प्रकाशकाचं आठ दिवसांत बोलावणं! मी गेलो. समोर एक गोरे, गुळगुळीत गृहस्थ. "वा, पाईकराव, वा! काय वातावरण उभं केलंय! फक्त नाव बदलू. ‘रक्तपिपासू जमादार’." मी म्हटलं, "अहो, पण तो रक्त पितच नाही!" तर शांतपणे म्हणतात, "मुखपृष्ठावर पितो ना."

मी पोरगा! कोवळं वय! पुस्तक छापून येतंय याच आनंदात मी. वाटलं, आत तर माझंच आहे सगळं, वरचं चित्र काय, फाटून जातं. करारावर सही केली. एकूण दहा पुस्तकांचा करार हो! वाचला सुद्धा नाही नीट!

आणि मग पार्सल आलं. आईसमोर, म्हणजे जनकाबाईसमोर, पुस्तक उघडलं, पहिलं पान, दुसरं पान, सगळं जिथल्या तिथं. शेवटच्या पानावर आलो. शिक्षकानं जमादाराच्या मुंडाशाकडं हात नेला, आणि... आणि टिंब टिंब टिंब. खाली छापलंय, ‘समाप्त?’ प्रश्नचिन्हासकट! मी पानं मागं-पुढं केली, पुस्तक उलटं धरून झटकलं. नाही! मुंडासं नाही, सालगडी नाही, मालक नाही, नऊ पानांची मानवमुक्ती सगळीच गायब!

तसाच पुण्याला. प्रकाशक म्हणाले, "हे बघा, छापखान्यात एका मोठ्या कागदावर सोळा पानं बसतात, त्याला म्हणायचं फॉर्म. आमची वाचनालयाची कादंबरी दहा फॉर्मची. एकशेसाठ पानं. कागदाची टंचाई चाललीय, मोजून मिळतो. तुमची झाली अकरा फॉर्म. मग मी अकरावा काढला." "अहो, पण त्यात तर सगळा उलगडा होता!" "हो का? मला वाटलं, भाषण आहे."

सांगा! माणसानं काय करावं? भूत उभं केलं एकशेसाठ पानं, आणि ते खोटं आहे, हे अकराव्या फॉर्मात होतं हो! वर पाठीमागच्या पानावर छापलंय, ‘ज्याने पाहिले, त्यानेच लिहिले!’ मी कधी पाहिलं? काय पाहिलं?

आणि पुस्तक काय चाललं म्हणता! हिंगोलीच्या वाचनालयात नंबर लागायचे. मास्तर लोक रस्त्यात अडवून म्हणायचे, "काय शेवट केलात! मुंडाशाखाली काय होतं, हे वाचकावर सोडलंत! ही खरी कला!" मी ओरडायचो, "सोडलं नाही हो, कापलं! मुंडाशाखाली सालगडी होता!" तर हसायचे. "लेखक मंडळी मोठी मिस्कील बुवा."

इथपर्यंत सुद्धा चाललं असतं. म्हटलं असतं, पहिलं पुस्तक वाया गेलं. पण शहात्तर साली काय झालं, की आमचा अर्ज मंजूर झाला! हो! बेघरांना घरासाठी जागा द्यायची सरकारची मोहीम निघाली, तलाठी आला, धोंडमाळ मोजला, चुन्याच्या रेघा मारल्या, सोळा घरांना सोळा कागद दिले, शिक्क्याचे. आणि म्हणाला, "सहा महिन्यांच्या आत झोपडं तरी उभं करा. नाही केलं तर तुम्हाला जागा नको असं मी लिहिणार, अन् जागा परत जाणार." परत जाणार म्हणजे कुठं, ते सांगायला पाहिजे का? उकंडराव मालक तिथंच उभा होता, सुपारी कातरत. गालातल्या गालात हसत होता.

एक महिना गेला. माळावर एक मेढ नाही. दोन गेले. मी विहारात बैठक बोलावली. म्हटलं, "काय झालं? तीन वर्षं जागा मागितली, आता मिळाली तर जाईना कुणी?" शेवटी कोंडीबा, आमच्यातले सगळ्यात वडील, घसा खाकरून म्हणाले, "बापू, जायला आमची ना न्हाई. पन ते रसीदवालं..." मी उडालोच! "कोंडीबाबा! तुम्ही? बावीस प्रतिज्ञा घेतल्या तुम्ही! देव सोडला, देवी सोडली, अंगात येणं सोडलं, घरातले टाक नदीत बुडवले, आणि तुम्ही भुताला भिता?" तर म्हातारा काय म्हणतो? "मालक सांगत व्हता तवा आमी भ्यालो का? न्हाई भ्यालो. म्हनलं, ह्यो मालकाचा डाव हाय. पन आता बुकात आलं ना बाबा! आन् दुसऱ्या कुनाच्या बुकात न्हाई, आपल्याच लेकराच्या!"

आणि मग माझी आई उठली. जनकाबाई. अक्षराची ओळख नाही, पण शेजारच्या सखुबाईच्या पोरीकडून तीन वेळा ते पुस्तक वाचून घेतलेलं, पानन् पान पाठ. मला म्हणते, "देवाधर्माचं खोटं असंल. पोथीतलं खोटं असंल, ते त्यांचं त्यांनी लिव्हलेलं. पन बाबासायबांनी शिका म्हनलं, आमी निंदायला जाऊन तुला शिकवलं, तू लिव्हलं, ते छापून आलं. मंग ते खोटं कसं व्हईल रे? तू खोटं काहून लिव्हशील?"

तुम्हाला सांगतो, पाऊण तास बोलणारा माणूस मी, आणि तोंडातून निघालं काय? म्हटलं, "आई, ते... ते अकराव्या फॉर्मात होतं." तर म्हणते, "मंग दाखव की अकरावा."

आता कुठून दाखवू? प्रकाशकानं हस्तलिखित रद्दीत घातलेलं! हातानं परत लिहून काढलं, सोळाच्या सोळा पानं, विहारात वाचून दाखवलं. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. आणि कोंडीबा म्हणाले, "चांगलं हाय. पन हे हातानं लिव्हलंय."

मग मी म्हटलं, ठीक. पुरावा पाहिजे ना? मी राहतो माळावर! बांबू रोवले, पऱ्हाट्यांचा कूड घातला, चूल मांडली, एकटा राहिलो एकवीस दिवस. रोज सकाळी गावात येऊन छाती काढून उभा राहायचो, बघा, काही झालंय का मला? तर आमचा जळबा, माझा शाळेपासूनचा दोस्त, म्हणतो, "तुला कशाला तकलीफ देईल ते? तूच लिव्हलं त्याला. तुझी वळख हाय!" आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. बराबर, बराबर! म्हणजे मी गेलो नसतो तर भूत आहे म्हणून, आणि गेलो तर ओळख आहे म्हणून! बोला!

तीन महिने उरले. मी पुण्याला पत्रावर पत्र. ‘दुसऱ्या आवृत्तीत अकरावा फॉर्म छापा, सोळा कुटुंबांचा प्रश्न आहे.’ उत्तर आलं, ‘प्रिय पाईकराव, भूत नसलेली भुताची कादंबरी कोण वाचणार? करारातले कलम सात पाहावे. दुसरा भाग तातडीने पाठवावा. भूत जिवंत ठेवावे. आपला.’

भूत जिवंत ठेवावे! त्या दिवशी झोपडीत बसून मी डोकं धरलं. खरं सांगितलं, ऐकत नाहीत. राहून दाखवलं, ऐकत नाहीत. ऐकतात फक्त छापलेलं. आणि छापणारा छापतो फक्त भूत. मग... मग माझ्या मनात ते आलं. लाज वाटते सांगायला. मी, विवेकवादी! म्हटलं, हा जमादार सरकारी नोकर ना? मग सरकारी नोकराला हलवायचं कसं असतं? याची बदली करू!

अकरा दिवसांत लिहिली. ‘रक्तपिपासूची बदली’. वरिष्ठांचा हुकूम येतो, जमादारानं धोंडमाळ सोडावा आणि पुढच्या चौकीवर रुजू व्हावं. पुढची चौकी कोणती? उकंडराव मालकाची आमराई! नाव सुद्धा बदललं नाही. वास्तववाद! आणि तिथं उभा राहून तो येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतो, "रसीद दिखाव!" ज्याच्याकडं माळाचा शिक्क्याचा कागद आहे त्याला सलाम ठोकतो, वाट मोकळी. ज्याच्याकडं नाही, त्याचं नांगर-बैलांसकट काय करतो ते लिहिताना, खोटं कशाला बोलू, मला थोडी मजा आली. मोजून दहा फॉर्म. अकरावा ठेवलाच नाही.

महिन्याभरात पुस्तक हातात. सखुबाईच्या पोरीनं विहारात दोन दिवस वाचून दाखवलं. संपल्यावर कोंडीबा उठले, कनवटीचा कागद चाचपला आणि म्हणाले, "बदली झाली म्हना की." तिसऱ्या दिवशी सोळा घरांच्या मेढी माळावर! लेकरं, कोंबड्या, जाती, पाटे, सगळं आमराईतून मिरवत गेलं. प्रत्येकाच्या हातात कागद! झाडाझाडाला दाखवत चालले होते! तलाठी आला, सोळा झोपड्या मोजल्या, लिहून गेला. जागा वाचली.

आता तुम्ही म्हणाल, मग रडता कशाला? अहो, ऐका तर!

पुढच्या आंब्याला उकंडराव मालक माझ्या दारात. आधी "ए नरश्या" म्हणणारा माणूस, आता "नरसिंगराव, आत येऊ का?" मी म्हटलं, या. बसला. म्हणाला, "गडी आमराईत पाय ठेवायला तयार न्हाईत. आंबा झाडावरच सडून राहिला. काढा ते तिथून." मी म्हटलं, "मालक, अहो ती अफवा तुम्हीच उठवली ना?" "व्हय, म्याच उठवली. म्हून तर मला ठावं हाय, भूत-बीत काय न्हाई!" "मग सांगा गड्यांना." "सांगितलं की! म्हन्ते, मालक, तुमाला कागद न्हाई म्हून तुमी असं बोलता!" आणि मग, तुम्हाला सांगतो, त्या माणसानं हात जोडले. मला म्हणतो, "तुमचं ते अकरावं काय हाय म्हने, त्यात मी अफवा उठवली असं लिव्हलंय. छापा ते! माझ्या नावानिशी छापा! माझी काय हरकत न्हाई!"

म्हणजे बघा! ज्या मालकाला उघडं पाडायला मी कादंबरी लिहिली, तोच म्हणतोय, मला उघडं पाडा! आणि त्याच आठवड्यात पुण्याचं पत्र, ‘मुंडाशाखाली काय होते अशी वाचकांची सारखी विचारणा आहे. अकरावा फॉर्म पाठवून द्यावा, स्वतंत्र पुस्तिका काढू.’ सगळे कबूल! मी तर नाचायचाच बाकी होतो. तीन वर्षं ज्याच्यासाठी जीव काढला ते सत्य, ती मानवमुक्ती, नऊच्या नऊ पानं छापून येणार! सोळा पानं पाकिटात घातली, डिंक लावला, आणि टपालाला निघालो.

आई उंबऱ्यात बसली होती. म्हणाली, "काय हाय रे त्यात?" सांगितलं. मग म्हणाली, "नको पाठवू."

"आई, अगं खरं आहे ते!"

"असंल. भूत हाय का न्हाई ते तू जान. पन ते आमराईत हुभं हाय तवर मालकाचा नांगर हिकडं येत न्हाई. तलाठी उद्या बदलून जाईल, तहसीलदार बदलून जाईल, नवा येईल तो मालकाच्या ओसरीवर च्या पिईल. ह्यो जमादार कुनाचा च्या पीत न्हाई. कागद बघतो आन् सोडतो. असा मानूस दुसरा दाखव मला तालुक्यात, मंग पाठव."

उन्हात उभा राहिलो हो पाकीट घेऊन. एकेकाला आठवून बघितलं, तलाठी, गिरदावर, फौजदार, सरपंच... कागद बघून न्याय करणारा आख्ख्या तालुक्यात एकच अधिकारी, आणि तो मेलेला! तोही खोटा! तोही मीच लिहिलेला! आणि समोर आई बसलेली, मागं चूल, पावसाळ्यात पहिल्यांदाच कोरडी राहिलेली चूल... पाकीट घेऊन परत आत आलो. मी बी.ए.! गॅदरिंगमध्ये दुसरा!

तेव्हापासून हे असं आहे. सहा गावांहून माणसं येतात. सिद्धेश्वरच्या धरणावर मासे धरणाऱ्यांची जाळी चोरीला जायची, तर काठावर एक हडळ बसवली, चोऱ्या बंद. एका गावात शाळेच्या खोलीत सरपंचानं कडबा भरलेला, पाच वर्षं अर्ज करून निघेना, त्या कडब्यात मी एक मुंजा घातला, आठ दिवसांत शाळा रिकामी. मास्तर पेढे घेऊन आला! मी त्याला म्हणतो, "मास्तर, तुम्ही तरी... विज्ञान शिकवता ना हो पोरांना?" म्हणतो, "खोली मिळाली म्हणून तर शिकवतोय!" प्रत्येक वेळी ठरवतो, हे शेवटचं. करार दहाचा, आठ झाल्या, दोन काढतो आणि मग खरी कादंबरी, खऱ्या माणसांची, अकरा काय, वीस फॉर्मची! कुणी कापणार नाही, कुणी...

ते बघा, ओट्यावर कोण बसलंय. सकाळपासून बसलाय. भीमसिंग, कळमनुरीकडच्या तांड्यावरचा. त्याच्या भावानं, गुलाबसिंगानं, बांध कोरून नांगराची चार तासं आत घेतलीत. मी म्हटलं, कोर्टात जा. म्हणाला, "कोर्ट में सात साल लगते, साहेब. आपकी कादंबरी महिने में आती." मी म्हटलं, भीमसिंग, नीट ऐक, शपथेवर सांगतो, भूत नसतं. तर म्हणाला, "मेरे कू मालूम है ना साहेब! भाई कू मालूम नहीं." आणि जवळ सरकून, आवाज खाली आणून, अगदी अजिजीनं...

"बडा भूत नको, साहेब. जमीन दोन एकरच आहे, लहानसंच चालंल."